खंडित सराव आणि तलावावरील घड्याळ

पोहण्याची कला एकदा अंगी बाणली म्हणजे ती सहसा विसरत नाही, हे खरे आहे. परंतु हात मारण्याची ढब अंगात जितका काळ टिकते, तितका काळ दमसास टिकत नाही. आजारपण, दुखापत अथवा परीक्षा यांमुळे दोन-तीन महिने तलावापासून दूर राहिलेला पोहणारा आपल्या जुन्या तुकडीत परततो, तेव्हा या भेदामुळेच त्याची फसगत होते. हात पूर्वीप्रमाणे चालू लागतात आणि चार फेऱ्यांतच श्वास पुरेनासा होतो. अशा वेळी ‘मागे पडू नकोस, नेट लाव’ हाच उपदेश त्याला चोहोंकडून मिळतो. तो सद्‌हेतूने केलेला असला, तरी विज्ञानाला धरून नाही.

विश्रांतीने शरीराची काय अवस्था होते, याची परीक्षा १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे करण्यात आली. सुमारे २० वर्षे वयाच्या ५ निरोगी तरुणांना ३ आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावले. तेवढ्या अवधीत प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. हृदयाच्या दर ठोक्यागणिक पुढे ढकलले जाणारे रक्त कमी झाले, हे त्याचे मुख्य कारण होय. पुढे व्यायामाने ही घट भरून आली. मात्र ज्यांना मुळात व्यायामाची सवय होती, त्यांना पूर्वपदावर येण्यास इतरांहून अधिक दिवस लागले. घरी हिंडत-फिरत राहणाऱ्याची घट इतकी मोठी नसते, परंतु तिची दिशा तीच असते.

दुसरी अडचण पाण्याची. पाण्याचा अवरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढवावयाचा, तर सुमारे ३३ टक्के अधिक शक्ती खर्चावी लागते. सोबत्याला गाठण्याचा हट्ट पाण्यात एवढा महाग पडतो.

आता तुकडीच्या सरावाचा हिशेब पाहावा. २५ मीटर लांबीच्या तलावात २०० मीटरांचे ५ टप्पे पोहावयाचे असून, दर ४ मिनिटांनी सर्वांनी सुटावयाचे आहे, असे समजू. जो २०० सेकंदांत टप्पा पुरा करतो, त्याला ४० सेकंदांची विश्रांती मिळते. ज्याला २३० सेकंद लागतात, त्याला अवघी १० सेकंदे मिळतात. दोघांनी अंतर सारखेच कापले, परंतु व्यायाम सारखा झाला नाही. एकाने शिस्तीचा सराव केला. दुसऱ्याने धापा टाकीत शर्यत केली. आता या दुसऱ्याने आपल्याच गतीने १५० मीटर पोहावे. त्याला सुमारे १७३ सेकंद लागतील व ६७ सेकंदांची उसंत मिळेल. पुन्हा सुटताना तो सर्वांबरोबरच काठाशी असेल.

सुटण्याची वेळ सर्वांची एक असावी. अंतर मात्र ज्याच्या त्याच्या दमाप्रमाणे असावे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे. लेनमध्ये शेवटी सुटण्यातही कमीपणा नाही. पुढच्याच्या पावलांमागे जवळून पोहणाऱ्यास अवरोध कमी लागतो. म्हणजे ती जागा परतणाऱ्याच्या हिताचीच आहे. कधी थांबावे, हे ओळखण्यास हातांची गणती पुरेशी आहे. पहिल्या फेरीस २० हात लागत असता पुढे २४ लागू लागले, तर पाण्यावरील पकड सुटू लागली, असे जाणावे. शिवाय हृदय जितक्या लवकर सावरते, तितक्या लवकर खांद्याच्या कंडरा सावरत नाहीत. दम परत आला म्हणून अंतर एकदम वाढविणारा पुष्कळदा खांदा दुखावून पुन्हा घरी बसतो. आजारातून उठलेल्याने तर वैद्यकीय सल्ल्यावाचून पाण्यात उतरूच नये.

ज्याने त्याने वेगळे अंतर पोहावे असे ठरले, तर तुकडीची शिस्त राहणार नाही, असा आक्षेप काही मार्गदर्शक घेतील. आळशी मुलास ही सवलत आयतीच सापडेल, हे त्यांचे भय अगदीच निराधार नाही. परंतु शिस्त म्हणजे एकाच वेळी सुटणे, एकमेकांच्या वाटेत न येणे आणि ठरलेले काम नेटाने पुरे करणे होय. हे सारे १५० मीटरांतही साधते. अंतर मार्गदर्शकानेच आधी ठरवून दिले आणि दर आठवड्यास थोडे वाढविले, म्हणजे सवलतीचा गैरफायदा घेण्यास वाव उरत नाही.

शाळांच्या तलावांवरून जी मुले गळतात, त्यांतील काही केवळ परतण्याच्या लाजेने गळतात. पहिल्याच दिवशी सर्वांसमक्ष झालेली दमछाक त्यांना पुन्हा येऊ देत नाही. घड्याळ आणि थोडे गणित यांच्या साह्याने ती लाज टाळता येण्याजोगी आहे. आणि असे असता ती न टाळणे हा मुलांचा दोष म्हणता येणार नाही.