परदेशची विद्या आणि रयतेची पोरे



“आधी गावची शाळा नीट करा, मग पोरे विलायतेस धाडण्याच्या गोष्टी बोला,” असा उपदेश हल्ली जो तो आम्हांस करतो. उपदेश करणाऱ्यांपैकी कित्येकांची मुले लंडन, न्यूयॉर्क, मेलबोर्न येथे शिकत असतात. त्यांना धाडताना गावच्या शाळेचे छप्पर गळायचे थांबेपर्यंत कोणी वाट पाहिली होती काय? कुणब्याच्या, सुताराच्या, वारल्याच्या पोराने परदेशाचे नाव काढले, की मात्र लगेच ते छप्पर आठवते! ही चलाखी आपण आता ओळखली पाहिजे.

पाया आधी की कळस आधी, हा वादच खोटा आहे. सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले. 1875 साली ते बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले. त्यांनी 1906 साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि सातच वर्षांनी, 1913 साली, भीमराव आंबेडकर या तरुणास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. कोल्हापुरी शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षणाची सक्ती केली, आणि 1920 साली आंबेडकर राहिलेली विद्या पुरी करण्यास लंडनला निघाले तेव्हा त्यांस हातभारही लावला. दोघांनीही एका हाताने गावची शाळा उघडली व दुसऱ्या हाताने आगबोटीचे तिकीट काढले.

या पैशाचे रयतेस काय मिळाले? हिशेब सरळ आहे. 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले ते याच परदेशी शिकून आलेल्या माणसाने. 10 जानेवारी 1938 रोजी कोकणचा शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन गेला तो त्याच्याच पुढारपणाखाली. ज्या कुणब्याने जन्मात पौंडाचे नाणे पाहिले नाही, त्याच्या दारी त्या साडेअकरा पौंडांचे व्याज पोचले. पुढे राज्यघटना झाली, ती तर सगळ्यांच्याच दारी पोचली. मग हा खर्च दान म्हणावा की पेरणी?

कोणी म्हणतात, गेलेली पोरे परत येत नाहीत. आंबेडकर करार पाळून 1917 साली बडोद्यास परतले, तेव्हा त्या शहरात त्यांस राहावयास एक खोली कोणी दिली नाही! परत येत नाहीत म्हणून रडणाऱ्यांनी परत आलेल्यास आधी घर द्यावे, मग बोलावे.

आता आजची स्थिती पाहा. केंद्र सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीत सगळ्या देशास मिळून 125 जागा. त्यांतल्या 115 अनुसूचित जातींस, 6 भटक्या-विमुक्तांस, आणि भूमिहीन शेतमजूर व परंपरागत कारागीर या दोघांस मिळून 4! देशभरचे सुतार, कुंभार, लोहार आणि मजूर यांनी चार जागांत बसायचे. आदिवासींच्या निराळ्या योजनेत 20 जागा, पैकी 3 कातकऱ्यांसारख्या अति मागास जमातींस. आणि निवड झाली तरी पैसा येईलच असे नाही. 2025 च्या जुलैत निवडलेल्या 106 जणांपैकी 40 जणांसच आधी पत्रे दिली, बाकीच्यांस निधी असेल तर बघू, असे सांगितले.

यावर कडी 2022 साली झाली. भारताची संस्कृती, इतिहास, समाज या विषयांवर परदेशी शिकण्यास ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, असा नियम झाला. 1916 साली आंबेडकरांनी कोलंबियात हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. हा नियम तेव्हा असता, तर त्या निबंधासाठी त्यांस दिडकीही मिळाली नसती. ज्याच्या पाठीवर जातीचे वळ, त्याने जातीचा अभ्यास करू नये! महाराजांनी पैसा दिला, पण तोंडाला मुसके बांधले नाही. सरकारने महाराजांचे नाव घ्यावे आणि मुसकेही बांधावे, हे आम्हांस मुळीच मान्य नाही.

आणखी एक पेच आहे. अर्ज करण्याआधी परदेशी विद्यापीठाचे पक्के प्रवेशपत्र हाती लागते. म्हणजे पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठांच्या अर्जांची फी, हे सारे हजारो रुपये घरचे. जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला यांसाठी बुडालेली मजुरी वेगळीच. आम्ही खेड्यातले मास्तर ही गाळणी रोज पाहतो. हुशार पोर लंडनच्या दारात अडत नाही. ते दाखल्यांच्या खेपांत अडते आणि शेवटी बोईसर-तारापूरच्या कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली जाऊन उभे राहते.

सबब दोन गोष्टी झाल्या पाहिजेत. पहिली सरकारची. 2014 साली पालघर जिल्हा झाला, 2021 साली आमच्या कोळगावात जिल्ह्याची टोलेजंग कचेरी उभी राहिली. त्या कचेरीत एक मेज असे असावे, जेथे वाड्यापाड्यांवरच्या पोरास या सर्व शिष्यवृत्त्यांची माहिती मराठीत मिळेल आणि सगळे दाखले एका खेपेत होतील. जागा वाढवाव्या, पैसा वेळेवर द्यावा, विषयाची बंदी काढावी. ही भीक नव्हे. आपल्या घामाचा कर तेथे जमा आहे.

दुसरी गोष्ट आपली. हळदीच्या रात्री डीजेवर उडतो तेवढा पैसा एका पोराच्या परीक्षेस व पासपोर्टास पुरून उरेल. प्रत्येक गावाने प्रत्येक लग्नामागे थोडी रक्कम काढून विद्येची पेटी ठेवावी, हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचावा, आणि पहिला पैसा मुलीसाठी काढावा. चौथीपासून त्या पोरांस इंग्रजी नीट शिकवणे हे काम आम्हां मास्तरांचे, व ते आम्ही अंगावर घेतो.

महाराज आता नाहीत. त्यांची जागा रयतेने घ्यावयाची आहे. ती घेणार काय, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे.