बिलातला सुरतचा वाटा मागा

रिंग रोडच्या मार्केटात 1,000 रुपयांची साडी घेतली, तर पक्कं बिल मागून घ्या आणि खालच्या दोन ओळी वाचा. 5 टक्के दराने 25 रुपये सीजीएसटी, 25 रुपये एसजीएसटी. पहिले दिल्लीला जातात, दुसरे गांधीनगरला. सुरत महानगरपालिकेच्या नावाची ओळ त्यात नाही.

नोव्हेंबर 2007 पर्यंत शहरात येणाऱ्या मालावर पालिकाच जकात घेत होती. 1994 च्या प्लेगनंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात ज्या पालिकेने सुरत झाडून-पुसून उभी केली, तिच्या तिजोरीत हा पैसा रोजच्या रोज येत होता. अहमदाबादने तर 1998 मध्ये पाणी आणि गटारांच्या कामांसाठी 100 कोटींचे रोखे काढले, तेही जकातीच्याच उत्पन्नाच्या तारणावर.

जकात परत आणा, असं माझं म्हणणं नाही. नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा आणि तिथली चिरीमिरी गेली ते बरंच झालं. शिवाय 2016 च्या 101 व्या घटनादुरुस्तीने ती वाटही बंद केली. अमेरिकेतली कित्येक शहरं मतदान घेऊन विक्रीवर स्वतःचा जादा कर लावतात. आपल्याकडे तसं व्हावं, हेही मला पटत नाही. तेल-साबणावर कर वाढला की तो उधन्यातल्या लूम कामगाराला सर्वांत आधी जाचतो, आणि घाऊक व्यापारी हद्दीबाहेर गोदाम हलवून मोकळा होतो.

मग मागायचं काय? नवा कर नको, भरलेल्या करातला ठरलेला वाटा हवा. जकातीच्या बदल्यात आज राज्याकडून अनुदान येतं, पण अनुदान आणि हक्क यांत फरक आहे. महाराष्ट्राने 2017 मध्ये महापालिकांच्या भरपाईसाठी कायदा केला, त्यात दरवर्षी 8 टक्के वाढ धरली. सुरतला त्याहून पुढे जाता येईल: शहरात जमणाऱ्या एसजीएसटीचा ठरावीक हिस्सा कायद्यानेच पालिकेला मिळावा आणि तो फक्त पाणी, गटारं, खाड्या, रस्ते यांवरच खर्च व्हावा. दर पाच वर्षांनी नेमायच्या राज्य वित्त आयोगाने शहरांचाही वाटा सुचवायचा, हे तर 74 व्या घटनादुरुस्तीतच लिहिलेलं आहे.

लिंबायत, डिंडोली, उधन्यातल्या आपल्या खानदेशी मंडळींना हे मी मुद्दाम सांगतो. मिठी खाडी फुगली की पाणी आपल्याच गल्ल्यांत शिरतं, आणि तरी पैशाच्या चर्चेला आपण नसतो. घराचा वेरा, म्हणजे घरपट्टी, वेळेवर भरा. तो थकवून हक्काची भाषा बोलता येत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत पालिकेचं बजेट येतं. त्याआधी सोसायटीतल्या दहा घरांनी सह्या करून नगरसेवकाला आणि आमदाराला एकेक पत्र द्या, पोचपावती घ्या, आणि एकच प्रश्न विचारा: आमच्या एसजीएसटीतले किती रुपये आमच्या वॉर्डात परत आले?