सहल आमची, खाडा तिचा

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सहाजणं सिंगापूरला जाऊन आलो. मी, नवरा, आठ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. दोन वर्षं पैसे साठवून केलेली सहल. काही मैत्रिणी हसतील, हसोत. मुलांना विमानात बसायचं होतं आणि मला आठ दिवस स्वयंपाकघरातून सुटका हवी होती. ती मिळाली का, ते सांगायचं आहे, आणि त्याहून जास्त अवघड असं आणखी एक.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या कर्वेनगरच्या घरात वजनकाटा मांडून बॅगा भरणं चाललं होतं. त्यांतली एक बॅग नुसत्या खाण्याची. भाजणी, मेतकूट, दशम्या, लाडू, लसणाची चटणी, गरम पाणी घातलं की होणारा उपमा आणि पोहे. "मुलांच्या खाण्याचे हाल नकोत," असं घरातल्या सगळ्यांचं म्हणणं. भांडी घासून झाल्यावर आमच्या मावशी दारात थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "ताई, मग ह्या महिन्याचं कसं?" माझ्या आधी सासूबाईच म्हणाल्या, "घर दहा दिवस बंद. आलात तेवढ्या दिवसांचे देऊ की." मावशी "बरं" म्हणाल्या. मी काट्यावरचा आकडा वाचत राहिले.

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, वस्तीत घरेलू कामगारांच्या नोंदणीची शिबिरं घेणारी मी. त्या क्षणी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

तिकडे पोचल्यावर घड्याळ अडीच तास पुढे गेलं. तिथले सकाळचे सात म्हणजे आपले साडेचार. मुलं उठेनात. सासऱ्यांना मात्र वेळेवर चहा आणि खायला काहीतरी गरम हवं. मग हॉटेलच्या खोलीतल्या विजेच्या किटलीत पाणी उकळून मी उपमा भिजवते आहे, नवरा फोनवर आजचा नकाशा बघतो आहे, सासूबाई न्हाणीघरात मुलांचे कपडे खळबळताहेत, असं रोजचं चित्र. बाहेर पडताना डबे, पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि धाकट्याचा जादा कपड्यांचा जोड माझ्या खांद्यावर. मत्स्यालयात मुलं शार्क बघत होती तेव्हा मी त्याच्यासाठी शौचालय शोधत होते.

जेवणाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. सिंगापुरात गल्लोगल्ली हॉकर सेंटर असतात. एका छपराखाली ओळीनं टपऱ्या, मध्ये सामायिक टेबलं, भाव बेताचे. २०२० साली युनेस्कोनं या खाद्यसंस्कृतीला मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतलं. चिनी, मलय, तमिळ अशा सगळ्या चवी शेजारी शेजारी. कामावरून सुटलेली माणसं तिथेच जेवतात, बायकासुद्धा, एकेकट्या, कुणाला काही न वाटता. लिटिल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये माझ्या मुलांनी रोटी पराठा रस्श्यात बुडवून खाल्ला. दुसऱ्या दिवशी नारळाच्या दुधातला भात खाल्ला, नारळाच्या गोड जॅमचा टोस्ट खाल्ला आणि आणखी मागितला. हाल झाले ते घरातल्या दोन पुरुषांचे. वरण-भात नाही म्हणून एक रुसले, दुसऱ्याला 'पोटात जड' वाटू लागलं. ती वीस किलोंची बॅग मुलांच्या नावावर भरली होती, रिकामी केली ती मोठ्यांनी.

सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं, असं दिसतं. हे आकडे मी शिबिरात फळ्यावर लिहिते. पासपोर्टावर शिक्का बसला म्हणून ते बदलत नाहीत, हे मात्र स्वतः अनुभवलं. केसरी, वीणा वर्ल्ड या आपल्याकडच्या कंपन्या फक्त बायकांच्या सहली काढतात, त्यांना नाकं मुरडणाऱ्यांपैकी मीही होते. आता कळतं की घरच्यांना घरी ठेवल्याशिवाय बाईला सुट्टी लागत नाही, म्हणून त्या भरतात.

शेवटच्या दिवशी बॅगा आवरताना सासूबाई कंबर धरून बसल्या आणि म्हणाल्या, "त्यापेक्षा घरीच बरं गं. तिथे निदान भांडी घासायला बाई तरी येते." त्या सहज बोलल्या. मला मात्र दारात थांबलेल्या मावशी आठवल्या, कारण मधल्या रविवारी एक गोष्ट घडली होती.

त्या रविवारी आम्ही बोटॅनिक गार्डनला गेलो होतो. झाडांखाली चटया पसरून बायकांचे घोळके बसलेले, डबे उघडलेले, कुणी कुणाच्या केसांत फणी फिरवते आहे, कुणी फोनवर पोराशी बोलते आहे. मुलीनं विचारलं, "आई, ह्यांची सहल आहे?" त्या घरकाम करणाऱ्या बायका होत्या. फिलिपीन्स, इंडोनेशिया, म्यानमार अशा देशांतून आलेल्या अडीच लाखांहून अधिक बायका सिंगापुरातल्या घरांत राहून काम करतात. स्वतःची मुलं आजीकडे ठेवून दुसऱ्यांची सांभाळतात. २०१३ पासून त्यांना आठवड्याच्या सुट्टीचा हक्क मिळाला. मालक त्या दिवसाचे जादा पैसे देऊन काम करून घ्यायचे, म्हणून २०२३ पासून महिन्यातली एक सुट्टी तरी पैशांच्या बदल्यात काढून घेता येणार नाही, असा नियम झाला. महिन्याला एक! याला स्वर्ग कोण म्हणेल? तिथल्या सर्वसाधारण कामगार कायद्यातही त्या धरलेल्या नाहीत. तरी कायद्यात त्यांच्या सुट्टीचा उल्लेख आहे.

आपल्याकडे? पुण्यात मोलकरणींनी १९८० साली संप केला होता, पगारासाठी आणि रजेसाठी. त्यातूनच इथली संघटना उभी राहिली. २००८ साली महाराष्ट्रानं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नोंदणी आहे, मदतीच्या योजना आहेत, पण भरपगारी रजेचा हक्क नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांसाठीचा करार २०११ साली आला. आठवड्याची सुट्टी आणि वर्षाची भरपगारी रजा हे त्यातलं कलम. भारतानं बाजूनं मत दिलं, पण करार अजून लागू केलेला नाही. म्हणजे मावशींची रजा आमच्यासारख्या घरांच्या मर्जीवर. त्यातही मे महिना सगळ्यात वाईट. चारही घरं एकदम बाहेर जातात, कुणी कोकणात, कुणी परदेशात. सगळीकडे खाडे मांडले जातात, आणि जूनमध्ये दप्तर, वह्या, फी समोर उभी राहते. त्या घरी बसतात, पण ती त्यांची सुट्टी नसते, बेकारी असते.

कर्वेनगरात राहून मला हे विसरता येतं याची लाज वाटते. हे जुनं हिंगणे. इथल्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करणाऱ्या पार्वतीबाई आठवले पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९१८ साली, अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायचं होतं, संस्थेसाठी मदत मिळवायची होती. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केलं, त्यावर पोट भरलं. १९२० साली परत आल्या आणि पुढे 'माझी कहाणी'त ते सगळं लिहिलं. आमच्या या भागातल्या बाईचा पहिल्या परदेशप्रवासांपैकी एक हा असा, परक्या घरची भांडी घासून केलेला. शतकानंतर त्याच भागातून आम्ही विमानात बसलो ते आमची भांडी घासणारीचे दहा दिवस कापून.

परत आल्यावर मी मावशींना पूर्ण पगार दिला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मावशींनी नोटा मोजल्या, त्यांतल्या काही वेगळ्या करून पुढे धरल्या. त्यांना वाटलं माझा हिशोब चुकला. मी म्हटलं, "घर आम्ही बंद केलं होतं, तुम्ही नव्हे." त्या म्हणाल्या, "मग बाकीच्या तीन घरी पण सांगा की."

सांगायचं तर आहे. पुढच्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा आहे. पाण्याचा टँकर, पार्किंग आणि भटकी कुत्री यांच्या खाली मी चौथा विषय लिहून दिला आहे, घरकाम करणाऱ्यांची आठवड्याची सुट्टी आणि आपण गावाला गेलो तरी पूर्ण पगार. सेक्रेटरी कागद बघून म्हणाले, "मॅडम, हा सोसायटीचा विषय कसा होतो?" मी तो खोडलेला नाही.