आधी रस्ता, मग सायकल

‘गिअरची सायकल घ्यायचीय, हायब्रिड घेऊ की एमटीबी?’ दसरा जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्यांची गरजही बहुधा सारखीच असते. आठवडाभर ऑफिस, रविवारी खडकवासला नाहीतर सिंहगडाचा पायथा, आणि चार दिवस सलग सुट्टी मिळाली तर कोकण. अशांना माझं सांगणं ठाम आहे: हायब्रिड, म्हणजे रस्त्याची सायकल आणि एमटीबी यांच्या मधली सायकल घ्या, पण रुंद टायर बसेल अशी घ्या.

दुकानात मात्र मन एमटीबीवर, म्हणजे माउंटन बाइकवर जातं. जाड टायर, पुढे शॉकअप, दणकट फ्रेम. आपल्या खड्ड्यांना हीच पुरी पडेल असं वाटतं. पण ही सायकल घडली ती डोंगरउतारासाठी. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन भागात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर चढवायचे आणि कच्च्या वाटेनं सुसाट खाली यायचे. पायडल उलटं दाबून लागणारा मागचा ब्रेक इतका तापायचा, की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. १९७६ साली तिथे ‘रिपॅक’ नावाची शर्यतच सुरू झाली. त्या उतारांना जे लागतं, ते आपल्या घाटातल्या डांबराला लागत नाही.

स्वस्त एमटीबीचा शॉकअप म्हणजे आत लोखंडी स्प्रिंग. एकटा फोर्कच दोन किलोच्या वर भरतो. चढावर उभं राहून पायडल मारलं की तो खालीवर होतो आणि पायातली ताकद तिथे जिरते. पावसाळ्यात आत पाणी-चिखल गेला की गंज धरतो. मग हादरे काही शोषले जात नाहीत, वजन तेवढं राहतं. टायरच्या गुट्ट्यांचंही तसंच. मातीत त्या पकड देतात, डांबरावर प्रत्येक फेऱ्याला वाकतात, घरघर आवाज करतात आणि वेग खातात.

गंमत म्हणजे २९ इंची एमटीबी आणि ७००सी हायब्रिड यांच्या रिमचा व्यास एकच, ६२२ मिलिमीटर. फरक पडतो तो टायर, फोर्क, गिअर आणि बसण्याची ठेवण यांत.

रेवदंड्याहून किनाऱ्यानं दक्षिणेला गेलात तर हे सगळं पायांना कळतं. आगरदांड्याला फेरीबोट, बागमांडल्याला फेरीबोट, पुढे केळशी, आंजर्ले, मग दाभोळला पुन्हा बोट. खाडी ओलांडली की खडा चढ, वर जांभ्याचा सडा, की लगेच उतार. बहुतेक रस्ता डांबरी, मध्येच उखडलेला, कुठे नुसता लाल मुरूम. इथे साधा, शॉकअप नसलेला फोर्क आणि ४० मिलिमीटरचा टायर यांची जोडी मला सर्वांत आवडते. मुरूम लागला की टायरमधली थोडी हवा सोडायची. अंगठ्यानं दाबल्यावर टायर किंचित दबला पाहिजे. डांबर आलं की पंपानं पुन्हा भरायची. हँडलला बसणारे हादरे एवढ्यानंच निम्मे वाटतात.

एक अडचण खरी आहे. ७००सीची ट्यूब तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही. २६ इंची मिळण्याची शक्यता जास्त. म्हणून दोन ट्यूब सोबत हव्यातच. व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असेल तर उत्तम, कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते.

मग एमटीबी कुणी घ्यावी? ज्याचा रविवार खरोखरच दगडधोंड्यांच्या पायवाटांवर, ओढ्या-नाल्यांत जातो, त्यानं. तिथे हायब्रिड नेणं धोक्याचं आहे. पण मग हवेचा शॉकअप आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक यांसाठी पैसे मोजायची तयारी ठेवा. ते झेपत नसेल तर थोडं थांबा, पैसे साठवा.

घरात आधीच एमटीबी असेल तर ती विकायची घाई करू नका. गुट्ट्यांचे टायर काढून दीड इंची गुळगुळीत टायर घाला, शॉकअपला लॉक असेल तर डांबरावर तो लावून ठेवा. नवी घेणाऱ्यांनी रंग आणि गिअरची संख्या पाहण्याआधी दुकानदाराला एकच विचारावं: या फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो? उत्तर ४० मिलिमीटरच्या खाली आलं, तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.