भग्नचिकित्सेतील नवी योग्या आणि आपले कर्तव्य

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायात संधिमुक्ताचे सहा व कांडभग्नाचे बारा प्रकार वर्णिले आणि कोणत्या भग्नास वैद्याने हात घालू नये, हेही तेथेच निःसंदिग्धपणे सांगितले. कटिप्रदेशातील कपालास्थी फुटणे ही त्या वर्ज्य अवस्थांपैकी एक होय. आज नेमक्या याच भग्नांवर शस्त्रकर्म होते, आणि तत्पूर्वी रुग्णाच्या अस्थीची आभासी प्रतिमा हाताळून पाहण्याची पद्धती काही ठिकाणी रूढ होऊ लागली आहे. तिच्याकडे आयुर्वेदीयांनी कोणत्या दृष्टीने पाहावे, याविषयी आमचे मत येथे मांडीत आहोत.

वंक्षणातील उलूखल संधीची खोबण, म्हणजे ॲसिटॅब्युलम, ही अनेक दिशांनी वळलेली अस्थी आहे. १९६४ मध्ये ज्युडे व लेटुर्नेल या फ्रेंच शल्यविशारदांनी क्ष-किरण चित्रांच्या आधारे तिच्या भग्नांचे दहा प्रकार केले. ते वर्गीकरण आजही प्रमाण मानले जाते. परंतु सपाट चित्रावरून तुकड्यांची खरी स्थिती मनात उभी करणे अनुभवी शल्यविशारदासही कठीण जाते. व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव, येथे उपयोगी पडते. सी.टी. स्कॅनच्या पातळ छेदांपासून संगणक त्रिमित अस्थी घडवितो. डोळ्यांवर उपकरण चढविलेला शल्यविशारद तिच्याभोवती फिरू शकतो, प्रत्येक तुकडा सुटा करून जागी बसवू शकतो आणि पट्टी कोठे वाकवावी, स्क्रू किती लांबीचा घ्यावा, हे आधीच ठरवू शकतो.

सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायातील योग्याविधी आपणां सर्वांस परिचित आहे. छेदनाचा अभ्यास कोहळा, भोपळा यांवर आणि बंधनाचा अभ्यास पुस्तमय पुरुषावर करावा, असा तेथे आदेश आहे. प्रत्यक्ष रुग्णावर शस्त्र चालविण्यापूर्वी हात व बुद्धी सिद्ध करावी, हे तत्त्व दोहोंत समान आहे. तथापि 'हे सारे आमच्या ग्रंथांत होतेच' असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. तत्त्व आपले आहे. साधन आपले नाही. या साधनास मर्यादाही आहेत. आभासी अस्थीस भार नसतो, रक्तस्राव नसतो, स्नायूंचा ताण हातास जाणवत नाही. मनगटाच्या साध्या भग्नास त्याची आवश्यकताही नाही.

मग आपला संबंध कोठे येतो? आमच्या मते तो आरंभीच येतो. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला, सोलापूर–धुळे मार्गावरील वर्दळ अहोरात्र आहे, आणि मराठवाड्यातील अपघातग्रस्त छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाकडे धाव घेतात. परंतु सारेच थेट तेथे पोहोचत नाहीत. कोणी हाडवैद्याकडे जातो, कोणी आपल्या दारी येतो, तर कोणाचा नातेवाईक औषधी दुकानात 'चोळायला तेल द्या' म्हणून उभा राहतो. ॲसिटॅब्युलमच्या भग्नास तीन आठवडे उलटले की तुकडे चुकीच्या जागी सांधू लागतात आणि शस्त्रकर्म फार अवघड होते. गेलेले हे दिवस कोणतेही उपकरण परत आणून देऊ शकत नाही.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे. अपघातानंतर पायावर भार देता येत नसेल, तर क्ष-किरण परीक्षणापूर्वी अभ्यंग करू नये. औषधविक्रेत्यांनीही तेल देण्याआधी 'पडल्यामुळे दुखते आहे काय' एवढे अवश्य विचारावे. बंध शिथिल असेल तर स्थैर्य येत नाही आणि अतिगाढ असेल तर शोथ, वेदना व पाक होतो, हा आचार्यांचा इशारा आहे. बांबूच्या पट्ट्या करकचून बांधलेला, बोटे थंड व बधिर झालेला रुग्ण दिसताच बंध सैल करून त्यास तत्काळ पुढे पाठवावे. सी.टी. झाला असल्यास केवळ फिल्मवर समाधान न मानता त्याची सी.डी. मागून घेण्यास सांगावे. आभासी नियोजन त्या मूळ माहितीवरच होते, फिल्मवरून नव्हे.

शस्त्रकर्मानंतर रुग्ण पुन्हा आपल्याकडे येतो. दुग्ध-घृतयुक्त बृंहण आहार, पथ्य आणि बलसंवर्धन हे आपले क्षेत्र आहे. तेथेही लाक्षादि गुग्गुळासारखा कल्प योजण्यापूर्वी रुग्णास रक्त न गोठण्याची औषधे चालू आहेत काय, याची शल्यविशारदांकडे विचारणा करावी.

आपल्या महाविद्यालयांतील शल्यतंत्र व शारीर विभागांनी हे साधन अध्यापनासाठी अवश्य अभ्यासावे. परंतु त्यासाठी निधी मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. वर्ज्य भग्न ओळखणे आणि रुग्णास वेळेत योग्य हाती सोपविणे, ही योग्या आपण आजपासूनच करू शकतो.