कोयत्यावरचं तांबं आणि दहावीचं समीकरण

बोर्डो मिश्रण तयार झालं की द्राक्षबागेतले जाणते शेतकरी लगेच फवारणी सुरू करत नाहीत. आधी त्यात लोखंडी कोयता किंवा खिळा बुडवून पाहतात. त्यावर तांबूस थर चढला, तर आणखी चुना घालायचा. थर आला नाही, तर मिश्रण तयार. मामांच्या बागेत हे पाहिलं तेव्हा माझी इंजिनिअरिंगची पदवी झाली होती. मामांनी विचारलं, "असं का होतं रे?" मला सांगता आलं नाही. समीकरण मात्र तोंडपाठ होतं.

नेमकं काय घडतं?

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. पाण्यात तांब्याचे आयन सुटे होतात. प्रत्येकावर +2 प्रभार असतो. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील. त्याचा एक अणू 2 इलेक्ट्रॉन देऊन द्रावणात जातो. तांब्याचा आयन ते घेऊन कोयत्यावर बसतो.

लोखंड + कॉपर सल्फेट → आयर्न सल्फेट + तांबं

ही झाली विस्थापन अभिक्रिया. इलेक्ट्रॉन देणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण. दोन्ही एकाच वेळी होतात, म्हणून रेडॉक्स. चुना पुरेसा असेल तर तांबं हायड्रॉक्साइडच्या रूपात बांधलं जातं आणि कोयता स्वच्छ राहतो. चुना कमी पडला, तर सुट्या तांब्याने कोवळी पानं करपतात.

मुलं अडतात कुठे?

लोखंडाचा हिशेब सोपा आहे: 2 दिले, 2 घेतले. आता कागदावर लोखंडाच्या जागी ॲल्युमिनिअम घ्या. ॲल्युमिनिअमचा 1 अणू, तांब्याचा 1 आयन. दोन्ही बाजूंचे अणू जुळतात, त्यामुळे समीकरण बरोबर वाटतं. पण प्रभार पाहा: डावीकडे +2, उजवीकडे +3. एका इलेक्ट्रॉनचा हिशेबच लागत नाही!

ॲल्युमिनिअम 3 इलेक्ट्रॉन देतं, तांबं 2 घेतं. 3 आणि 2 चा लसावि 6. म्हणून ॲल्युमिनिअमचे 2 अणू आणि तांब्याचे 3 आयन.

2 ॲल्युमिनिअम + 3 कॉपर सल्फेट → ॲल्युमिनिअम सल्फेट + 3 तांबं

आता प्रभार दोन्हीकडे +6. जमा-खर्च जुळला.

पद्धत बदलायला हवी

दहावीत 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' शिकताना आम्ही आकडे टाकून बघायचो, जुळले की पुढे जायचो. अणू मोजणं चूक नाही, पण रेडॉक्समध्ये ते अपुरं आहे. 'कोणी किती दिले, कोणी किती घेतले' हा प्रश्न आधी विचारायला हवा. पोर्शन संपवायची घाई असते, हे मान्य. पण एक खिळा आणि मोरचुदाचं द्रावण यांना एक तासिका पुरते.

मामांना समीकरण येत नव्हतं, पण त्यांची बाग करपली नाही. मला समीकरण येत होतं, पण कोयता वाचता आला नाही. पुढच्या पिढीला दोन्ही यायला काय हरकत आहे?