वाढत्या अंगाचा फोर्क

मंडळी, गेल्या अंकात आम्ही बेसमेंटमधल्या गळक्या नळाची कथा सांगितली होती. त्यावर तीन वाचकांचे फोन आले आणि तिघांनीही "प्लंबरला बोलवा" एवढंच सुचवलं. त्या सल्ल्याचा पूर्ण आदर राखून या वेळी आम्ही पुन्हा एका नळीकडेच वळलो आहोत. मात्र ही नळी सायकलची आहे, आणि ती चुकीची कापली तर बोलवायला प्लंबरही नाही.

त्याचं असं झालं. २०१७ च्या जूनमध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत आमच्या ओहायोतून जाणार होती. कॅलिफोर्नियातून निघायचं, सुमारे तीन हजार मैल सायकल चालवत मेरीलँडला समुद्र गाठायचा, तोही बारा दिवसांच्या आत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या गटात ती पुरी केली होती. त्या वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ एकटे उतरले होते. (त्यांनी ती पुरी केली, आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही.) आम्ही डेटनहून गाडी काढून सहकुटुंब रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवायला गेलो. अंधारात दिवे आले आणि गेले. कोण गेलं ते आम्हांला आजतागायत कळलेलं नाही, पण आमच्या लेकीने मात्र त्या रात्री सायकलचं मनावर घेतलं.

आता ती पंधरा वर्षांची आहे. मागच्या वसंतात तिच्यासाठी एक सेकंडहँड कार्बनची सायकल घेतली. फ्रेम उत्तम होती, पण आधीच्या मालकाने फोर्कची नळी आपल्या मापाने अगदी आखूड कापून ठेवली होती. हँडल इतकं खाली की अर्ध्या तासात पोरीची मान आणि मनगटं दुखायला लागायची.

आमच्या पुण्यातल्या ॲटलसला हा प्रश्न नव्हता. दुकानातला पोऱ्या वरचा बोल्ट सैल करायचा, त्यावर हातोडीचा एक ठोका द्यायचा आणि हँडल ओढून वर घ्यायचा. नव्वदच्या दशकात जी नवी पद्धत रुळली तिच्यात फोर्कची नळीच फ्रेममधून वर येते आणि हँडल धरणारा तुकडा, म्हणजे स्टेम, तिला बाहेरून आवळून बसतो. नवा फोर्क येतो तेव्हा नळी मुद्दाम लांब ठेवलेली असते. आमची ३०० मिलिमीटर होती. आपल्या मापाने कापायची. कापली की हँडल जास्तीत जास्त किती वर येणार ते कायमचं ठरलं.

योगायोगाने त्याच वेळी आमचे बाबा पुण्याहून आले होते. तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. राइट बंधूंचं सायकलचं दुकान त्यांना दाखवून झालं होतं. विमानाआधी १८९६ पासून ते दोघे स्वतःच्या सायकली बनवत होते हे वाचून बाबा खूश झाले, आणि घरी आल्यावर कापाकापीच्या कामात आपोआप सुपरवायझर झाले.

पहिला वाद लांबीवरून. कन्येला स्टेम थेट खाली बसवायचं होतं, शर्यतवाल्यांसारखं. आम्हांला खाली चांगल्या ४० मिलिमीटरच्या कड्या, म्हणजे स्पेसर, हव्या होत्या. पोर वाढतेय, सीट वर जाणार, हँडलही वर लागेल. बाबा म्हणाले, "अरे, तुझी शाळेची पँट कशी शिवायचो? वाढत्या अंगाची. खाली दुमड ठेवायची. पण ती पायात अडकेल एवढी ठेवायची नाही."

किती दुमड अडकते ते फोर्कच्या पुस्तिकेत छापलेलं होतं: स्टेमखाली ३० मिलिमीटरपेक्षा जास्त कड्या नकोत. कारण साधं आहे. स्टेम जितकं वर तितकी तरफ लांब, आणि खड्ड्यात चाक आपटलं की सगळा जोर नळीवर येतो. पोलाद बहुधा आधी वाकून इशारा देतं. कार्बन वाकत नाही, एकदम तुटतो. नळी तुटली की हँडल हातात येतं आणि सायकल पुढे जाते. २००६ च्या पॅरिस-रुबे शर्यतीत जॉर्ज हिंकॅपीचं नेमकं हेच झालं. त्याची नळी ॲल्युमिनियमची होती आणि त्याच शर्यतीत तो आधी एकदा पडला होता. पण खांदा निखळायचा तो निखळलाच. हा प्रसंग आम्ही जेवताना सांगितला आणि सौ.ने पोळ्या लाटणं थांबवून विचारलं, "हे तुम्ही घरीच करणार आहात?"

शेवटी २० मिलिमीटरवर तह झाला. पाऊण इंच.

शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये मांडामांड केली. फोर्क फ्रेममध्ये घातला, कड्या, स्टेम, आणि स्टेमच्या वर आणखी एक ५ मिलिमीटरची कडी. ही वरची कडी शोभेची नाही. नळी स्टेमच्या थोडी वरपर्यंत आली की स्टेमची पकड पूर्ण उंचीत बसते, नळीच्या काठावर येत नाही. मग वरच्या कडीच्या माथ्यापासून ३ मिलिमीटर खाली कापायचं, म्हणजे टोपी दाबली की ती नळीवर न टेकता कडीवर टेकते आणि बेअरिंगमधला खेळ निघतो. आम्ही टेप गुंडाळला, रेघ मारली, करवत उचलली.

"थांब," बाबा म्हणाले. "हे झाकण कशाचं?"

वर्तमानपत्रावर एक काळं झाकण पडलं होतं. वरच्या बेअरिंगवर बसणारं, १५ मिलिमीटर उंच. ते न बसवताच आम्ही माप घेतलं होतं! रेघेवर कापलं असतं तर पाऊण इंचाच्या दुमडीतले ५ मिलिमीटर उरले असते, म्हणजे साडेतीनशे डॉलर खर्चून आम्ही पुन्हा आधीच्या मालकाच्याच जागी येऊन बसलो असतो. २००३ साली मास्टर्सला आलो तेव्हापासून मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून मिरवतो आहोत. पुढची दोन मिनिटं गॅरेजमध्ये कोणी काही बोललं नाही. कन्येने फोनवर फोटो मात्र काढला.

मग हिशेब पाटीवर मांडावा तसा कार्डबोर्डवर मांडला. झाकण १५, कड्या २०, स्टेम ४०, वरची कडी ५, एकूण ८०. वजा ३. फ्रेमच्या वर ७७ मिलिमीटर नळी. बाबांनी ते स्वतः तीनदा मोजलं.

दुसरा वाद शेगड्यावरून. बाबांना नळी रुमालात गुंडाळून शेगड्यात आवळायची होती. आयुष्यभर पाइप तसेच धरले होते. पण कार्बनची नळी दोन बाजूंनी दाबली तर आतले थर फुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. आम्ही खाच असलेला कटिंग गाइड आणला होता. शेगड्यात तो धरायचा, नळी त्यात. बाबांनी नाइलाजाने मान्य केलं. पातं इंचाला ३२ दात्यांचं, बारीक. तेलाऐवजी पाणी, कारण कार्बनची धूळ फुप्फुसांना वाईट. तोंडाला मास्क, गॅरेजचं दार उघडं, आणि धूळ झाडायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची.

करवत हलकी आणि सावकाश. तीन चतुर्थांश कापून झालं की नळी फिरवायची आणि उलट्या बाजूने शेवट करायचा, नाहीतर शेवटचा थर सालपटासारखा उचलतो. हे बाबांना सांगावं लागलं नाही. "लाकडाची फळीपण अशीच चिरफाळते," म्हणत त्यांनी स्वतःच नळी फिरवली. करवतही तोवर त्यांच्याच हातात गेली होती. कधी गेली ते आम्हांला कळलं नाही.

कडा ओल्या पॉलिश पेपरने सारखी केली, तिच्यावर सुपरग्लूचा पातळ हात फिरवला. नळीच्या आत फुगणारा प्लग बसवला. लोखंडी नळीत ठोकतात ती चांदणी इथे अजिबात ठोकायची नाही, ती आतून चरे पाडते. टोपी खेळ जाईपर्यंतच आवळली, आणि स्टेमचे बोल्ट टॉर्कच्या पान्ह्याने आलटूनपालटून ५ न्यूटन-मीटरला. "हाताला कळतं की," बाबा म्हणाले. पान्हा कट्‌कन वाजला तेव्हा त्यांनी बोल्ट हाताने तपासून पाहिला आणि पान्ह्याकडे जरा आदराने बघितलं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली. खेळ नव्हता.

आता बाबा पुण्यात आहेत. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आधी नातीची उंची विचारतात आणि मग कॅमेरा गॅरेजमध्ये न्यायला लावतात. स्टेमखालच्या कड्या त्यांना स्वतः मोजायच्या असतात.